मदत हवी आहे: ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यावर पांढरा कापूस

लालबागची_सून:
मंडळी, लेकीच्या हट्टापायी दीड वर्षापासून घरी एक ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, डोक्याच्या बाजूंना झालरीसारखे कल्ले असलेला छोटा प्राणी) आहे. नाव बोंबील. (सासूबाईंचा विरोध होता, "खायच्या जिनसांची नावं पाळलेल्या जीवाला देऊ नयेत.")

परवा रात्री गांडूळ भरवताना डाव्या बाजूच्या मधल्या कल्ल्याच्या टोकाला पांढरं काहीतरी दिसलं. आधी कचरा वाटला. टॉर्च मारून पाहिलं तर पिंजलेल्या कापसासारखे तंतू, पाण्याबरोबर डोलणारे. डोकं झटकतो तरी निघत नाहीत. त्या कल्ल्याची लाल झालरही विरळ झालीय आणि काल गांडूळ तोंडाशी नेलं तर त्याने मान फिरवली.

टाकी ८० लिटरची, स्पंज फिल्टर, दर रविवारी थोडं पाणी बदलते. दुकानदाराने हिरवं औषध दिलंय, "चार थेंब टाका, मासे ठणठणीत होतात." टाकू का?

कल्लेदार:
ताई, बाटलीला हात लावू नका! त्यात बहुधा मॅलाकाइट ग्रीन असेल. हा मासा नाही, उभयचर आहे, औषध कातडीतून थेट अंगात शिरतं. तांबं असलेली औषधंही वर्ज्य. आधी पाण्याचं तापमान, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात साचणारे विषारी घटक) सांगा.

लालबागची_सून:
थर्मामीटर आत्ता आणला. २७! अमोनिया ०.५, नायट्राइट शून्य.

कल्लेदार:
मग मूळ दुखणं सापडलं. हा प्राणी मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्को भागातल्या थंड पाण्यातला, त्याला १६ ते १८ अंश हवेत. ऑक्टोबर हीटमध्ये तो अर्धमेला होतो, मग पाण्यात एरवीही असणारी सॅप्रोलेग्निया बुरशी चढून बसते. अमोनियाही शून्यच हवा, त्याने कल्ले भाजतात.

आता त्याला झाकणाच्या टबात ठेवा. रोज सगळं पाणी बदला, क्लोरीन काढूनच. नवं पाणी टबातल्याच तापमानाचं घ्या, मग गार बाटल्यांनी हळूहळू उतरवा. एकदम बर्फ नको.

भांडुपचा_मिठागरवाला:
मिठाची अंघोळ घाला. आयोडीन नसलेलं मीठ, लिटरला दोन सपाट चहाचे चमचे, वेगळ्या भांड्यात, दहा मिनिटं, दिवसातून एकदा. घड्याळ लावून बसा, जास्त झालं तर कल्ल्यांनाच इजा होते. तडफडला तर लगेच बाहेर.

आणि कापूस चिमट्याने ओढू नका, मी ओढला होता, झालरीचा तुकडाच हातात आला. परत उगवली, पण महिने गेले.

कल्लेदार:
एक लक्षात ठेवा. फुगीर कापूस असेल तर बहुतेक बुरशी. चपटा, राखाडी-पिवळसर थर आणि कडा कुजत चालल्या असतील तर कॉलम्नॅरिस, म्हणजे जिवाणू. त्याला मीठ पुरत नाही, प्रतिजैविक लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नक्की कळेल.

लालबागची_सून:
चौथा दिवस. तिसऱ्या अंघोळीत कापसाचा मोठा गोळा सुटून तळाशी गेला. खाली फिकट गुलाबी देठ, झालर जवळपास नाहीच. पण आज अर्धं गांडूळ खाल्लं!

टब १८ वर आहे. टाकीवर पंखा लावून पाहिला, पण आपल्या दमट हवेत २५ च्या खाली जाईना. चाळीतल्या एवढ्याशा खोलीत चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) कुणी वापरलाय का? आवाज आणि विजेचं बिल किती ते सांगा, सासूबाईंना आधी पटवायचंय.