हार्डडिस्क टकटक करतेय, विंडोज म्हणतंय दुरुस्त करा. करू का?

उशिराचा_प्रवासी
सात वर्षांचा डेस्कटॉप, आत १ टीबीची फिरती हार्डडिस्क. आठवडाभर फोटोंचा एक ठरावीक फोल्डर उघडला की अर्धा मिनिट सगळं गोठतं. काल रात्री आवाजही आला: टक, टक, टक, मग शांत, मग पुन्हा टक. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं तर पिवळा 'कॉशन'. त्यातल्या सी५ या नोंदीसमोर १८, ०५ समोर शून्य. शून्य म्हणजे अजून बरं आहे ना? बॅकअप आहे, पण गेल्या वर्षीचा. (हो, माहितीये. बोला काय ते.) वडिलांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं त्यानंतर टाकलीत, ती दुसरीकडे कुठेच नाहीत.

गोटी_सोडा
विंडोजचं ते दुरुस्तीचं चेकडिस्क चालव रे, स्लॅश आर लावून. माझं सुरळीत झालं होतं.

जुनं_खोड
नका चालवू! चेकडिस्क अख्खी डिस्क वाचत बसतं, तासन्‌तास, आणि सापडेल ती दुरुस्ती त्याच आजारी डिस्कवर लिहितं. आधी डेटा बाहेर, दुरुस्तीचं नंतर बघू.

त्या शून्यावर जाऊ नका. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले सेक्टर, डेटा ठेवायचे छोटे कप्पे. त्यावर पुन्हा काही लिहायची वेळ आली की मगच ती ठरवते, ठेवायचा की बाद करून राखीव जागा वापरायची. बाद झालेले ०५ मध्ये मोजले जातात. तुमच्याकडे अजून निकालच लागलेला नाही. शिवाय ते सॉफ्टवेअर मुळात आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत) दाखवतं. सेटिंग बदललं नसेल तर तुमचे १८ म्हणजे २४.

आता क्रम. मशीन बंद करा, दुसरी डिस्क हाताशी येईपर्यंत चालूच करू नका. मग आधी फक्त रेकॉर्डिंगं कॉपी करा. फोटोंच्या त्या फोल्डरला हात लावू नका, तिथेच ती अडकतेय. उरलेल्यासाठी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू (आजारी डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम), तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर. ते सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेलं मागे ठेवतं. मॅप फाइल (कुठवर कॉपी झालं याची नोंद) द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच थांबलं तरी पुढून सुरू होतं.

टकटक वाढली किंवा डिस्क दिसेनाशी झाली तर वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. झाकण उघडून बघायचा मोह नको. आतलं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कणसुद्धा त्याला डोंगर. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही कोणीतरी देईलच. आत दव धरतं, बाकी काही होत नाही.

गोटी_सोडा
बरं बाबा, मागे घेतो. पण केबलचा दोष नसेल कशावरून?

जुनं_खोड
केबल खराब असली तर सी७ वाढतो. सी५ तबकडीचा. आणि केबल टकटक करत नाही.

उशिराचा_प्रवासी
झालं. रेकॉर्डिंगं ४१, पैकी ४० साध्या कॉपीत आली. एकेचाळिसावी अडली, ती सोडून डीडीरेस्क्यू रात्रभर चालवलं. सकाळी बघतो तर मोजके सेक्टर सोडून सगळं आलं होतं. अडलेलं रेकॉर्डिंगही प्रतीवरून वाजतं. मधेच क्षणभर आवाज जातो आणि वडील पुढच्या वाक्यात असतात. आकडे खरंच हेक्समध्ये होते. चोवीस.