पाचवीच्या पहिल्याच दिवशी लेक शाळेतून निघून आली, आता जायचंच नाही म्हणते. काय करू?

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची वस्ती पाटण तालुक्यात, डोंगरात. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग. चारी वर्गांची मिळून १४ पोरं, दोन शिक्षक. लेक तिथंच शिकली. यंदा पाचवीला खालच्या हायस्कुलात घातली. एसटीने पाऊण तास. वर्गात ६० मुलं, पाचवीच्या तीन तुकड्या, ही 'क' मध्ये.

पहिल्या दिवशी मी सोडायला गेले होते. गुलाबाचं फूल दिलं, पुस्तकं मिळाली, स्वारी खुशीत. मी सव्वाअकराच्या गाडीने परत आले. ही पावणेचारला घरी. म्हणाली, शाळा लवकर सुटली. पहिलाच दिवस, मला खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांनी विचारलं तेव्हा कळलं. पहिला तास संपल्याचा टोल पडला, बाई वही-खडू उचलून बाहेर गेल्या. आमच्या वस्तीवर टोल पडून बाई निघाल्या म्हणजे घरी जायचं. हिने दप्तर भरलं, छत्री घेतली आणि चालू पडली. गेटवर कोणी हटकलं नाही! पुढची गाडी थेट तीनला. तोवर स्टँडवरच्या बाकड्यावर एकटी बसून होती. मधल्या सुट्टीतली खिचडी मिळाली नाही ती नाहीच, घरून दिलेला डबाही उघडला नव्हता. का, तर "सगळ्यांसमोर कसं खायचं?"

आता वर्गातली पोरं टोल पडला की म्हणतात, "सुटली का गं शाळा?" रोज सकाळी हिच्या पोटात दुखतं. गाडी गेली की थांबतं.

हे मुंबईला माथाडी आहेत. फोनवर म्हणतात, दोन दिवस रडेल, गप होईल. सासूबाई म्हणतात, पलीकडच्या गावात सातवीपर्यंत शाळा आहे, तिथं घाल. पण ती वाट ४ किलोमीटर, रानातली, मधे ओढा, आणि हिच्या सोबतीला कोणी नाही. पावसाळ्यात मला ते धाडस होत नाही.

शाळा बदलू की नेट लावू? आणि एवढीशी पोर गेटमधून निघून गेली याबद्दल शाळेत बोलावं का? ऑफिसात विषय काढला तर "पोरीला सांगून पाठवायचं ना" एवढंच ऐकायला मिळालं. जास्त बोलले तर राग तिच्यावर निघेल, ही भीती.

निवृत्त मास्तर
ताई, शाळा बदलू नका. दर जूनला पाचवीत असं एखादं पोर निघतंच. चार वर्षं एकच बाई दिवसभर समोर असतात. इथं गणिताचे सर वेगळे, इंग्रजीच्या बाई वेगळ्या, त्यात हिंदी नव्याने सुरू. एक शिक्षक गेला म्हणजे दुसरा येणार, हे आपण मोठे गृहीत धरतो, पोराला कोणी सांगतच नाही. वेळापत्रक तिच्याच हाताने लिहून घ्या, कोणत्या तासाला कोण ते नावासकट. टोलाची खूणही विचारून घ्या. आमच्याकडे तासाला मोजके ठोके आणि सुटताना लांब घणघण असायची.
गेटबद्दल मात्र जरूर बोला. ऑफिसात नाही, वर्गशिक्षिकांशी. तक्रारीच्या सुरात नको, "मधेच निघाली तर मला फोन कराल का" असं विचारा आणि नंबर वहीत लिहून द्या.

कोयनाकाठ
वस्तीवरची सातवी-आठवीतली एखादी मुलगी त्याच गाडीने जाते का? तिच्या हवाली करा. मी पाचवीत असताना शेजारची ताई मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची, बस्स. बोलायचीसुद्धा नाही फारशी. आणि चिडवणं आठवड्यात विरतं, तोवर दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी फजितीचं होतंच.
एसटीचा पास काढला का? पाचवीपासून मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे. अर्धं तिकीट भरत बसू नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. वरच्या आळीतली आठवीतली पोर त्याच गाडीला असते, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या आईशी बोलले. पोरगी म्हणाली, "मी नेईन, पण हात धरणार नाही." हिलाही तेच हवं होतं.
वर्गशिक्षिका भेटल्या. बाई चांगल्या निघाल्या. नंबर घेतला आणि हिला पहिल्या बाकावर बसवते म्हणाल्या. हिने मान हलवली, दुसरा बाक चालेल म्हणाली.
वेळापत्रक काल रात्री लिहून झालं. गणिताच्या सरांचं नाव हिला माहीत नाही, तिथं "उंच सर" लिहिलंय. आज गाडीत बसली. पोटात दुखतंय म्हणाली, पण बसली.
पासच्या अर्जावर शाळेचा शिक्का मिळाला. फोटो लागतो म्हणे. घरात हिचा एकच सुटा फोटो आहे, तो अंगणवाडीतला, त्यात ती रडतेय. तो चालेल का?