मदत हवी आहे: दिवाळीला घरी केलेल्या भेटी द्यायच्यात, चिक्की चिकटतेय (कोल्हापूर)

आठवी_गल्ली
दिवाळी तोंडावर आलीय आणि माझं अजून काहीच ठरलेलं नाही, म्हणून थेट विचारते. यंदा ड्रायफ्रूटचे बॉक्स, मिठाईचे पुडे विकत घेणं जमणार नाही. सगळ्यांना घरी केलेलं काहीतरी द्यायचं ठरवलंय. शेंगदाण्याची चिक्की केली. सकाळी छान होती, संध्याकाळी हाताला चिकटायला लागली, दुसऱ्या दिवशी वड्या एकमेकींना धरून बसल्या. अशी चिक्की कुणाच्या हातात कशी द्यायची? काय करू सांगा, नाहीतर स्वस्तातलं दुसरं काही सुचवा. यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय, लिंका नकोत. जरा लवकर.

पंचगंगाकाठ
किती घरांना द्यायचंय? माणशी खर्च किती? गूळ कुठला वापरला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तांबडा_पांढरा
ताई, चिक्कीचा नाद सोडा आणि कांदा-लसूण चटणी द्या. आपल्याकडं दुसरं काही लागतंय होय? पुण्या-मुंबईच्या माणसाला कोल्हापूरची चटणी दिली की तो वर्षभर नाव काढतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, डंकावरनं कुटून आणायची, पाव-पाव किलोच्या पुड्या बांधायच्या. झालं काम.

लवंगी
ऑक्टोबरात चटणी? चटणीचे दिवस मार्च ते मे. मिरची कडकडीत वाळायला ऊन लागतं, आणि रोज दुपारनंतर ढग येताहेत. कांद्यात थोडी जरी ओल राहिली तरी महिन्याभरात चटणीला बुरशी धरते. भेट दिलेली चटणी बुरसली तर देणाऱ्याचं नाव जातं.

तांबडा_पांढरा
कांदा आधी उन्हात वाळवून मग तेलात कुरकुरीत तळला तर ओल राहतच नाही. खोबरं, तीळ, धणे, सगळं भाजूनच जातं. आमच्या घरी दसऱ्यानंतर दरवर्षी एक घाणा होतो, अजून काही झालेलं नाही.

लवंगी
तुमच्या घरी लगेच संपत असेल. लोक भेटीतली चटणी फडताळात ठेवतात आणि चार महिन्यांनी काढतात.

आठवी_गल्ली
चटणीचं भांडण नंतर. चोवीस घरं आहेत. माणशी पन्नास-साठच्या वर जाता येणार नाही, डबा धरून. गूळ आपला नेहमीचा पिवळा, पोळीला वापरतो तो.

पन्हाळा_रोड
गूळ तिथंच चुकतोय. आमच्याकडं गुऱ्हाळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोळीचा गूळ मऊ राहावा असाच केलेला असतो, पुरणात तो पटकन विरघळतो. चिक्कीला वेगळा गूळ येतो, दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणूनच मागायचा. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांतून मिळतो. त्याचा पाक कडक बसतो.

दुसरं म्हणजे ओल. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गूळ जुना, पाझरलेला असला की आणखीच. आत्ता बाजारात बराचसा मागच्या हंगामातला, साठवणीतला माल आहे. गुऱ्हाळं दसऱ्यानंतर जोर धरतात आणि शाहू मार्केट यार्डात नव्या हंगामाच्या सौद्यांचा मुहूर्त पाडव्याला होतो. तुम्हाला तोवर थांबता येणार नाही, म्हणून ढेप फोडून बघून घ्या. आतून कोरडी, खडखडीत पाहिजे. बोट दाबलं तर आत जाता कामा नये.

पुण्यात_करवीरकर
पिवळाधमक गूळ घेऊच नका. रंग उजळ यावा म्हणून त्यात हायड्रॉस नावाचं रसायन घालतात. काळसर सेंद्रिय गूळच घ्या, मी इथं तोच मागवतो.

पन्हाळा_रोड
उजळ गूळ दिसला की हायड्रॉस, असं सरसकट म्हणू नका. भेंडीचं पाणी घालून मळी नीट काढली, रस ताजा असला आणि ऊस चांगला असला तरी रंग उजळ येतो. हायड्रॉस वापरणारे आहेत हे खरं, पण कष्टानं स्वच्छ गूळ करणारे त्यांच्यात भरडले जातात. आणि ताईंचा प्रश्न चिक्की चिकटण्याचा आहे.

जोतिबाची_पायरी
गूळ कुठलाही आणलास तरी पाक कच्चा राहिला तर चिक्की चिकटणारच, बाळा. पाकाची परीक्षा कशी केलीस ते तू लिहिलंच नाहीस. मी सांगते तशी कर.

जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, त्यात बारीक चिरलेला गूळ. आच मंद ते मध्यम. गूळ वितळला की फेस येतो, मग रंग गडद व्हायला लागतो. शेजारी वाटीत गार पाणी ठेव आणि त्यात पाकाचा थेंब टाक. पहिल्यांदा तो मऊ गोळी होईल, ती लाडवाला चालते. थोड्या वेळानं टणक गोळी होईल, दातात चिवट लागेल. बहुतेक जणी इथंच गॅस बंद करतात. अजून थांब. थेंब पाण्यात पडल्यावर काचेसारखा झाला, बोटांनी मोडला तर ‘टक्’ असा आवाज आला आणि दाताला अजिबात चिकटला नाही, की मग खाली उतरव. त्याच क्षणी चिमूटभर खायचा सोडा घालून ढवळ, पाक फुलून येतो आणि चिक्की खुसखुशीत होते. लगेच दाणे घाल. दाणे कोमट असू देत, गार दाण्यांनी पाक आधीच आळतो. तूप लावलेल्या ओट्यावर ओतून तूप लावलेल्या लाटण्यानं पातळ लाट आणि गरम असतानाच सुरीनं रेघा मार. गूळ आणि दाणे वजनानं सारखे.

खासबाग
पाकात अर्धं लिंबू पिळा, पाक चिकट होत नाही. आमच्याकडे साखरेच्या पाकात असंच करतात.

पन्हाळा_रोड
गुळाच्या चिक्कीत लिंबू नको. आंबटानं साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं आणि चिक्की उलट जास्त ओल धरते. गुलाबजामच्या पाकात लिंबू ठीक आहे, कारण तिथं साखरेचे खडे धरायला नको असतात. इथं नेमकं उलटं पाहिजे.

काष्ठौषधी
खाण्याचंच कशाला? दिवाळीची भेट म्हणजे उटणं. त्याला पाक नाही, ओल नाही आणि पुण्याला पाठवताना फुटत-वितळतही नाही. मसूरडाळीचं पीठ आणि मुलतानी माती बैठकीला. आंबेहळद, नागरमोथा, गवला कचोरा, वाळा, सुकवलेली संत्र्याची साल, गुलाबपाकळी सुवासाला. देवळाच्या आसपास महाद्वार रोडच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानांत एका फेरीत सगळं मिळतं. वस्त्रगाळ करायचं, नाहीतर अंगाला टोचतं. माणशी पन्नास ग्रॅम धरलं तर चोवीस घरांना सव्वा किलो पुरतं.

एकच सांगणं. तयार यादीत बावची असते, ती काढून टाका. बावची लावून उन्हात गेलं तर काहींच्या कातडीवर भाजल्यासारखे डाग उठतात. ज्या घरांत लहान मुलं आहेत तिथं तर नकोच.

आणि उटणं नरकचतुर्दशीच्या आधी हातात पडलं पाहिजे. पहिल्या आंघोळीनंतर पोचलेलं उटणं पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतं आणि वासही उडतो.

पुण्यात_करवीरकर
सुगंधी मेणबत्त्या करा. सोया मेण ऑनलाइन मिळतं, जुन्या काचेच्या बाटल्यांत ओतायचं. माझ्या ऑफिसात सगळ्यांना आवडल्या.

पंचगंगाकाठ
सोया मेणाचा भाव बघितलाय का? मेण, वात, सुगंध मिळून साठ रुपयांत चोवीस जणांचं गणित बसत नाही. शिवाय लोणच्याच्या, जॅमच्या बाटल्या आचेनं तडकतात, त्यांची काच त्यासाठी नसते. उजेडाचंच काही द्यायचं असेल तर पणत्या द्या. शाहूपुरीत, गंगावेशीत, बापट कॅम्पात कुंभारांकडे साध्या पणत्या मिळतात. घरी रंगवायच्या, पण फक्त बाहेरून. काठाला आणि आतून रंग नको, वात तिथंच पेटते. आणि द्यायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून उन्हात वाळवा, म्हणजे नुसत्या तेल पीत बसत नाहीत.

खासबाग
मुलांना घेऊन किल्ला करा ना. सगळ्यांना घरी बोलवा, किल्ला दाखवा, फराळ द्या, तीच भेट. आम्ही यंदा पन्हाळा करतोय, तीन दरवाजासकट. माती कुठली घ्यावी? विटांचा चुरा घातला तर कडा ढासळतात. आणि मोहरी आत्ता पेरली तर पाडव्यापर्यंत हिरवी होईल का?

लवंगी
मोहरीपेक्षा अळीव पेरा, चार-पाच दिवसांत उगवतो. माती गाळून घ्या आणि आतून पोत्याचं कापड लावा. पण या धाग्यात भेटींचं चाललंय.

आठवी_गल्ली
सगळ्यांचे आभार, पण मला एकच काहीतरी करायचंय. उटणं, पणत्या आणि चिक्की तिन्ही करत बसले तर घरचा फराळ कोण करणार? चिक्कीचा गूळ लक्ष्मीपुरीत मिळाला. काकू, तुम्ही सांगितलंत तसा थेंब पाण्यात टाकून पाहतेय. पण निम्म्या वड्या पुण्या-मुंबईला जायच्या आहेत, तिथं पोचेपर्यंत कडक राहतील का? कापडी पिशव्या शिवल्यात, जुन्या साड्यांच्या काठांच्या.

पंचगंगाकाठ
हे आधी सांगायचं होतं! नुसत्या कापडी पिशवीत चिक्की टिकणार नाही, कापडातून हवा जाते.

जोतिबाची_पायरी
पिशव्या वाया घालवू नकोस. आत प्लास्टिकची पुडी, वर काठाची पिशवी. पुडी दुकानासारखी घट्ट बंद करायची असेल तर यंत्र नको. लोखंड कापायच्या करवतीचं पातं घे. पुडीचं तोंड त्या पात्यावरनं दुमडायचं, एखादा सूत (साधारण तीन मिलिमीटर) कडा बाहेर ठेवायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरनं ती कडा सरसर फिरवायची. प्लास्टिक वितळून शिवण बसते. ज्योतीवर थांबायचं नाही, थांबलं की भोक पडतं. आधी रिकाम्या पुडीवर हात बसव. आणि वड्या पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नकोस, आत वाफ धरली तर सगळी मेहनत पाण्यात. दोन वड्यांच्या मध्ये बटर पेपर.

पुण्यात_करवीरकर
घरचे पदार्थ वाटताना अन्न परवाना लागतो हे लक्षात घ्या. लेबलवर तारीख, वजन, घटक सगळं लिहावं लागतं.

पंचगंगाकाठ
त्या विकत नाहीयेत हो. नातेवाइकांना देताना परवाना कशाला? पण घटक लिहावेत हे मात्र बरोबर. ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांना तो फार बाधतो. पिशवीवर ‘शेंगदाणे, गूळ, तूप’ एवढं लिहिलं तरी पुरे.

तांबडा_पांढरा
खर्चाचं कुणी बोललंच नाही, म्हणून मांडतो. माणशी दीडशे ग्रॅम धरा. चोवीस घरांना साडेतीन किलोच्या थोडं वर. दोन किलो गूळ, दोन किलो दाणे घेतले की चुऱ्यासकट बसतं. गूळ सत्तर रुपये आणि दाणे दीडशे रुपये किलो धरले तरी सामान साडेचारशेच्या आत. तूप, पुड्या धरून माणशी पंचवीसपर्यंत जाईल. म्हणजे तुमच्या पन्नासात निम्मे उरले. त्यात पुण्या-मुंबईच्या पुडक्यांत शेंगदाण्याची सुकी चटणी घाला. दाणे तेच, लसूण, तिखट, जिरं, मीठ, उखळात कुटायची. कांदा नाही, म्हणजे लवंगीताईंनाही हरकत नसावी.

लवंगी
याला हरकत नाही. लसूण आधी तव्यावर कोरडा परतून घ्या. महिन्याभरात संपवा असं सांगून द्या.

पन्हाळा_रोड
पार्सल कशानं पाठवताय? एसटीनं असेल तर पुडकं खाली दाबलं जातं. खोक्यात वड्या आडव्या रचा, पुठ्ठ्याचे तुकडे मध्ये घाला आणि चटणीची पुडी वेगळ्या पिशवीत, नाहीतर चिक्कीला लसणाचा वास लागेल.

आठवी_गल्ली
चिक्की झाली! थेंब काचेसारखा मोडेपर्यंत थांबले, सोडा घातल्यावर पाक फसफसून वर आला. काल रात्री केलेली वडी आज संध्याकाळी बघितली, बाहेर पाऊस पडत होता तरी हाताला चिकटली नाही. मोडली तर आवाज आला. पुण्याची खोकी परवा पाठवते, चटणीसकट. इथल्या घरांत वसुबारसेला फिरून देईन. माझ्या नणंदेला मधुमेह आहे, तिला काय देऊ?

काष्ठौषधी
उटणं. मी तर पहिल्यापासून तेच सांगतोय.

जोतिबाची_पायरी
उटणं दे आणि दाण्याची चटणी जरा जास्त दे. गोड नाही म्हणून तिला वेगळं काढल्यासारखं वाटायला नको. पिशवी मात्र सगळ्यांसारखीच, काठाची.

खासबाग
अळीव पेरला. विटांचा चुरा काढून टाकला तर बुरुज उभा राहिला. पोत्याचं कापड आतून लावायचं की मातीच्या दोन थरांच्या मध्ये?

लवंगी
आतून. आधी सांगाडा, त्यावर ओलं पोतं, मग माती.