अडेनियम बुडातून मऊ पडायलंय, जानेवारीच्या प्रदर्शनाला काय न्यावं?

परभणीची_गच्ची
नमस्कार मंडळी. गच्चीवर वेल्डरकडून दहा बाय आठचा अँगलचा सांगाडा करून घेतलाय, वरून हिरवी शेडनेट. उन्हाळ्यात झकास चाललं. पण परभणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पारा एक आकडी येतो. परवा सकाळी बघतो तर अलोकेशियाची (अळूच्या जातीचं शोभेचं झाड) पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबायलीत, आणि सहा वर्षांचं, फुगीर बुंध्याचं अडेनियम एका बाजूनं दाबलं की बोट आत जायलंय. पाणी रोज संध्याकाळी नेमानं देतो. रात्री 100 वॅटचा बल्बही लावतो. प्रदर्शनात अनोख्या शोभेच्या झाडांच्या गटात नाव देऊन बसलोय. बायको म्हणती, कोथिंबीर न्या.

लातूरचा_निवडुंगवाला
दादा, रोज संध्याकाळी पाणी? तिथंच घात झाला. अडेनियम मुळचं आफ्रिका-अरबस्तानातलं, थंडीत झोपतं. पानं गळाली की पाणी जवळपास बंद. सगळीकडून सारखं मऊ असतं तर तहान म्हणलो असतो. एकाच बाजूला बोट जायलंय म्हणजे कूज. कुंडीतून काढा, ब्लेडनं पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापा, बुरशीनाशक लावा, आठ-दहा दिवस कोरड्या सावलीत टांगा. अलोकेशिया फेकू नका, गड्डा जिवंत असला तर उन्हाळ्याच्या तोंडाला फुटतो.

प्रदर्शनाला हॉवर्थिया कूपेरी न्या, मांसल पानांचं बुटकं झाड. तिची वाढ थंडीतच. पानांची टोकं काचेसारखी, उन्हाकडं धरलं की आतल्या हिरव्या शिरा दिसतात. बोअरच्या पाण्यानं त्यावर पांढरे डाग पडतात, आरओच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून पुसा. मी एकदा डिसेंबरात फुललेला लिथॉप्स, म्हणजे हुबेहूब गोट्यासारखं दिसणारं झाड, नेला होता. त्याचं फूल उघडतं दुपारी, परीक्षक आले सकाळी नऊला. त्यांना दोन दगड दिसले. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आंबिलीवर दुःख विसरलो.

संभाजीनगरची_माळीणबाई
भाऊ, शेडनेट सावली देते, ऊब धरत नाही. रात्रीपुरतं वरून यूव्ही पॉलिथिन (उन्हात टिकणारा प्लास्टिकचा कागद) ओढा. सकाळी ऊन चढलं की बाजू गुंडाळा, नाहीतर दुपारी आत भट्टी होते. आणि उघड्या नेटखाली बल्बची ऊब आभाळालाच जाते. त्यापेक्षा 200 लिटरचा ड्रम बाहेरून काळा रंगवून, भरून आत ठेवा, दिवसा ऊन लागेल असा. तेवढं पाणी रात्रीतून 5 अंश निवलं तरी एक युनिट विजेपेक्षा थोडी जास्तच ऊब देतं, फुकट. कुंड्या ड्रमला लगटून मांडा. पाणी द्यायचं ते सकाळी दहाच्या पुढं.

परभणीची_गच्ची
कापलं. निम्मा बुंधा गेला, वास असा की शेजारच्यांनी विचारलं काय मेलंय. शेवटी पांढरा गर लागला, आता जिन्यात टांगलंय. हॉवर्थियाची एक कुंडी निघाली, तिचीच तयारी करतो. पॉलिथिन आणलं. पण ताई, ड्रमचं अवघड आहे. आमच्या नळाला आठ दिवसाला पाणी येतं, ड्रम एकच, आणि तो हिच्या ताब्यात.

संभाजीनगरची_माळीणबाई
मग वहिनींना सांगा, पाणी त्यांचंच. वापरा म्हणावं, फक्त रात्रीला ड्रममध्ये होईल तेवढं पाणी राहू द्या, वर झाकण. आणि एक कुंडी कोथिंबिरीची ठेवा त्याच्या शेजारी.