मावशीचा राग रंगवायचाय, पण चेहरा नुसता लाल दिसतोय

रंगवेडी:
मावशीचं पोर्ट्रेट करतेय, अ‍ॅक्रिलिकमध्ये. मावशी रागावली की ओरडत नाही. ओठ घट्ट मिटते, हनुवटी जराशी वर जाते आणि मग घरात कुणाची बोलायची टाप नसते. तो राग मला रंगातून आणायचाय, नुसत्या हावभावातून नाही. म्हणून त्वचेचा रंग बाजूला ठेवला आणि कपाळ, गाल, नाक सगळं कॅडमियम रेडमध्ये घेतलं. सावलीत शुद्ध लाल, उजेडात त्यातच पांढरा. भावाने बघून विचारलं, "मावशीला ताप आलाय का?" ड्रॉइंग बरोबर आहे, मावशी ओळखू येते. मग राग कुठे गेला? (कृपा करून 'मनापासून रंगव' असं सांगू नका, मनापासूनच चाललंय.)

जुना_ब्रश:
राग त्या पांढऱ्यात गेला. लालात पांढरा घातला की उजळपणा वाढतो, पण धग जाते, उरतो गुलाबी. प्रत्येक रंगाची उजळ-गडद अशी स्वतःची जागा असते. ट्यूबमधला पिवळा सगळ्यात उजळ, नारिंगी त्याच्याखाली, लाल मध्यावर, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि जांभळा पार तळाला. उजेडाच्या जागी पिवळा-नारिंगी घे, मध्ये लाल, सावलीत जांभळा. चेहऱ्याला उठाव येईल आणि एकाही रंगाला पातळ पडावं लागणार नाही. मग डोळे बारीक करून बघ, किंवा फोटो काढून कृष्णधवल कर. त्यात नाक-गाल जागच्या जागी दिसले, तर वर हवा तो रंग खपतो.

फ्रेंच चित्रकार मातीसने 1905 मध्ये बायकोचं जे चित्र केलं, 'हिरवा पट्टा' म्हणून ओळखलं जातं ते, जरूर बघ. जेमतेम 40 सेंमी उंचीचं आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ हिरवा पट्टा, एका बाजूला चेहरा पिवळसर, दुसऱ्या बाजूला गुलाबी. लहर लागली म्हणून ओढलेला वाटतो, पण तो नेमका उजेड आणि सावलीच्या सीमेवर आहे. म्हणून नाक नाकच राहतं.

कोळसा_कागद:
टोनचं, म्हणजे उजळ-गडदाचं, पटलं. पण राग म्हणजे लाल, हे ठरवलं कुणी? मावशी ओरडत नाही असं तूच लिहिलंयस. मग अख्ख्या चेहऱ्याला आरडाओरडा कशाला करायला लावतेस? चेहरा थंड ठेव, हिरवट, थोडा राखाडीकडे झुकणारा, आणि लाल मागच्या भिंतीला दे. चित्रकार व्हॅन गॉगचं 1889 चं पाइप ओढतानाचं, कानाला पट्टी बांधलेलं आत्मचित्र आठव. अंगात हिरवा कोट, मागे खाली लाल आणि वर नारिंगी. माणूस गप्प बसलाय, पेटलीय ती भिंत. हिरव्याशेजारी लाल ठेवला की दोघंही आहेत त्याहून तीव्र दिसतात, हा फायदा वेगळाच.

जुना_ब्रश:
हे माझ्यापेक्षा बरं सांगितलंस. फक्त एक, रंगवेडी, भिंत लाल केलीस तर ओठांना लाल देऊ नकोस. नाहीतर बघणाऱ्याची नजर तिथेच अडकेल आणि लिपस्टिक लावलेली बाई दिसेल.

रंगवेडी:
ओठांना गडद जांभळी रेघ देते मग, मिटलेले आहेत तसेच. चेहऱ्याच्या हिरव्यासाठी माझ्याकडे व्हिरिडियन नाही, थॅलो ग्रीन आहे. चालेल?

कोळसा_कागद:
चालेल, पण ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच. तो फार जहाल असतो, चिमूटभर जास्त पडला तरी पॅलेटवरचं सगळं मिश्रण गिळून टाकतो. थोडा लाल मिसळून आधी त्याचा तोरा उतरव, मग पांढरा आणि पिवळी माती (यलो ऑकर रंग). आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतं, त्यामुळे कपाळ आत्ता हवंय त्याहून थोडं उजळच ठेव.