बेंटोनाइटच्या सर्टिफिकेटवर लोह १२ टक्के, रानाच्या रिपोर्टात 'लोह कमी'. दोन्ही चिकणमातीच, मग हे कसं?

सँडलॅब_शिरोली

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सँड लॅबला आहे. शेती शिरोळ तालुक्यात, नदीकाठची काळी. ती वडील बघतात.

या आठवड्यात दोन कागद हातात आले. एक बेंटोनाइटच्या (साच्याची वाळू बांधून धरणारी चिकणमाती) नव्या लॉटचं सर्टिफिकेट, माल कच्छचा. त्यात फेरिक ऑक्साइड १२.४ टक्के. दुसरा आमच्या रानाचा माती परीक्षण अहवाल: सामू ८.३, चुनखडी जास्त, लोह ३.१ पीपीएम (दहा लाखांत ३.१ भाग) आणि पुढे शेरा 'कमी'. उसाच्या खोडव्यात केवडा पडलाय, शेंड्याची पानं पांढरट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे अहवाल खोटा नसावा.

पण रानातली माती वाळवून, चुरून त्यावर चुंबक फिरवला तर काळे कण भरभरून चिकटतात. आणि बेंटोनाइट काय, काळी माती काय, दोन्हींत मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइटच्या घरातलंच, एवढं कॉलेजातलं आठवतं. मग एकात टक्क्यांनी लोह आणि दुसऱ्यात पीपीएममध्येसुद्धा पुरेसं नाही, असं कसं? चिकणमातीत लोह नेमकं बसतं कुठं?

दुसरं म्हणजे कामाचं. सप्लायर म्हणतो लोहानं बाँडला (वाळू धरून ठेवण्याच्या ताकदीला) काही फरक पडत नाही. आमचे साहेब म्हणतात लोह जास्त म्हणजे लॉट परत पाठवा. कुणाचं धरू?

उद्यमनगरकर

भावा, केवड्याला हिराकस (फेरस सल्फेट) मार आणि गप बस. बेंटोनाइटची एमबी व्हॅल्यू (मिथिलीन ब्लू चाचणी, जिवंत माती किती ते सांगते) बघायची, ओली स्ट्रेंग्थ बघायची. लोह बघून कुणाचं कास्टिंग सुधारलंय सांग मला.

मसाईचा_जांभा

उद्यमनगरकर अर्धे बरोबर आहेत. कुठल्या अर्ध्यात ते खाली येईल. चाळीशीपासून निवृत्तीपर्यंत मी पोरांना खनिजशास्त्र शिकवलं आणि मसाई पठारावर उन्हातान्हात फिरवलं, त्यामुळं उत्तर थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा आकड्यांतला घोळ काढू. सर्टिफिकेटवर 'फेरिक ऑक्साइड' लिहिलंय म्हणून पोत्यात तेवढा गंज आहे असं समजू नका. खनिजाचं पृथक्करण ऑक्साइडच्या भाषेत मांडायची रीत आहे, एवढंच. १२.४ टक्के ऑक्साइड म्हणजे निव्वळ लोह साधारण ८.७ टक्के. तुमच्या रानातही एकूण लोह मोजलं तर पाच-सात टक्के निघेल, कारण आपला बेसॉल्टच लोहानं भरलेला. कच्छचं बेंटोनाइटही दख्खनच्या त्याच लाव्हाच्या पदार्थातून झालेलं. म्हणजे दोन्हींचं मूळ एकच. अहवालातले ३.१ पीपीएम हे एकूण लोह नव्हेच. डीटीपीए नावाच्या द्रावणात जेवढं सुटून येतं तेवढंच तिथं मोजतात. ते साडेचारच्या खाली आलं की 'कमी' असा शेरा.

एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटातली माती सुमारे नऊ लाख किलो भरते. सहा टक्के धरले तरी त्यात पन्नासेक टन लोखंड. आणि आपण एकरी दहा किलो हिराकस टाकतो, त्यात लोह असतं दोन किलो! सातबाऱ्यावर नाव आहे पण कब्जा नाही, अशी उसाची गत.

आता कब्जा कुणाकडं? इथं रचना समजून घ्यावी लागते. चिकणमातीचं खनिज म्हणजे दोन प्रकारच्या पत्र्यांची थप्पी. एका पत्र्यात सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, दुसऱ्यात अॅल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन-हायड्रॉक्सिल. केओलिनाइटमध्ये एक-एक पत्रा जोडलेला, जाडी ०.७ नॅनोमीटर, आणि एक थर दुसऱ्याला हायड्रोजन बंधानं धरून असतो, त्यामुळं मधे पाणी शिरत नाही. स्मेक्टाइटमध्ये, म्हणजे तुमच्या मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळात, सिलिकॉनचे दोन पत्रे आणि मधे अॅल्युमिनियमचा एक. असे थर एकमेकांवर सैल बसतात. मधे पाणी शिरलं की कोरड्या १ नॅनोमीटरवरून १.५ आणि पुढंही फुगतात. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळं. सहा ऑक्सिजनच्या घरात त्रिसंयुजी (तीन भाराचं) लोह अॅल्युमिनियमच्या जागी बसू शकतं. ते आकारानं जरा मोठं, पण भार तोच, त्यामुळं घर मोडत नाही. तुमच्या बेंटोनाइटमधलं बरंचसं लोह असं भिंतीत चिणलेलं आहे. ते मुळाला मिळत नाही, चुंबकाला चिकटत नाही आणि पाण्यात उतरत नाही.

चुंबकाला चिकटलं ते वेगळंच: मॅग्नेटाइट, त्यातही टायटॅनियमवालं. दगडातून जसंच्या तसं आलेलं, विरघळायला अतिशय हट्टी. तिसरं असतं मोकळं ऑक्साइड, गोइथाइट आणि हेमाटाइट. ते कणांवर मुलाम्यासारखं चढतं.

पन्हाळ्याची, गगनबावड्याची माती लाल का, तेही यातच आलं. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पन्हाळ्यालाही तुमच्यापेक्षा बराच जास्त, तुमच्या शिरोळला पाच-सहाशे. एवढ्या पाण्यात सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन जातं आणि उरतं केओलिनाइट. ते आपल्या भिंतीत लोहाला फारसं घेत नाही. मग ते बाहेर ऑक्साइड होऊन बसतं, आणि दोन-चार टक्के हेमाटाइट आख्ख्या मातीला लाल करायला पुरतं. याहून धुतलं की केओलिनाइटही मोडतं आणि दुर्गमानवाडसारखं बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) हाती येतं. तुमच्याकडं पाऊस कमी, चुना-मॅग्नेशियम जागेवर, म्हणून स्मेक्टाइट टिकलं आणि लोह बऱ्याच अंशी आत राहिलं. काळा रंग मुख्यतः थरांना घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थाचा. रंग बघून लोह किती ते सांगणारे लोक मला भेटतात, त्यांना मी नमस्कार करून पुढं जातो.

आतलं आणि बाहेरचं वेगळं मोजायचं कसं? १९६० साली मेहरा आणि जॅक्सन यांनी दिलेली रीत अजून चालते. सोडियम डायथायोनाइट, सोबत सायट्रेट आणि बायकार्बोनेट, ८० अंशांपर्यंत गरम करायचं. हे डायथायोनाइट कोल्हापूरकराला अनोळखी नाही. गुऱ्हाळावर गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून टाकतात ना ती हायड्रॉस पावडर, तीच ही. (गुळात तिचं काय काम, हा वेगळा भांडणाचा विषय.) मसाईची लाल माती त्यात टाकली की पोरांच्या डोळ्यांदेखत फिकी राखाडी पडते. मुलामा गेला.

उसाकडं येतो. सामू एकानं वाढला की विद्राव्य त्रिसंयुजी लोह हजारपटीनं घटतं. ८.३ ला जवळजवळ काही उरत नाही, त्यात चुनखडीचं बायकार्बोनेट. ऊस गवताच्या कुळातला, मुळांतून लोह धरणारी द्रव्यं सोडून स्वतःची सोय करतो, पण खोडव्यात जुनी मुळं मरत असतात आणि नवी पुरेशी फुटलेली नसतात. म्हणून लागणीपेक्षा खोडव्यात केवडा जास्त. हिराकस नुसतं जमिनीवर फेकलं तर चुनखडीत त्याचा गंज होतो. शेणखतात आठवडाभर मुरवून द्या, आणि लगेच हिरवं व्हायला अर्धा टक्का द्रावणाची फवारणी, थोडं सायट्रिक आम्ल घालून, संध्याकाळी. म्हणजे इथं उद्यमनगरकर बरोबर.

आता बेंटोनाइट. बाँड येतो तो थरांवरच्या ऋण भारातून आणि त्यासाठी मधे बसलेल्या सोडियम-कॅल्शियममधून. हा भार येतो तीन भाराच्या अॅल्युमिनियमच्या जागी दोन भाराचं मॅग्नेशियम किंवा द्विसंयुजी लोह बसल्यानं. त्रिसंयुजी लोह बसलं तर भारात फरक नाही. म्हणजे थंड वाळूत सप्लायर खरा. पण तुम्ही त्यावर १४०० अंशांच्या आसपासचं बीड (ओतीव लोखंड) ओतता! लोहाला जोडलेले हायड्रॉक्सिल लवकर सुटतात. लोह कमी असलेलं मॉन्टमोरिलोनाइट बऱ्याचदा ६५०-७०० अंशांपर्यंत तग धरतं, लोहवालं ५०० च्या पुढं ढासळू लागतं. हायड्रॉक्सिल गेले की पुन्हा पाणी घालून कितीही मुलर (वाळू मळायचं यंत्र) फिरवा, ती माती मेलेलीच. नव्या मालाची एमबी झकास दिसेल आणि रिटर्न सँडची (एकदा वापरून परत आलेल्या वाळूची) घसरत जाईल. इथं साहेब खरे.

लॉट लगेच परत पाठवू नका. जुन्या आणि नव्या लॉटचे नमुने मफल भट्टीत ५५० अंशांना दोन तास ठेवा, गार करून एमबी पुन्हा घ्या. किती टक्के शिल्लक राहिली ते बघून ठरवा.

नदीकाठचा_ऊसकरी

जांभा सर, एक शंका. आमच्याकडं खारवट रानात सच्छिद्र पाइप टाकायला चर मारली, तर पाच फुटांखाली निळसर-हिरवट चिकण लागली. वर ढीग टाकला तो दोन-तीन दिवसांत पिवळट-तपकिरी झाला. हे पण लोहच का?

मसाईचा_जांभा

लोहच. पाणी साचून हवा तुटली की जिवाणू श्वासासाठी लोह वापरतात आणि त्रिसंयुजीचं द्विसंयुजी करतात. गंमत अशी की ते फक्त मोकळ्या ऑक्साइडचं होतं असं नाही, भिंतीतलं लोहही जागेवर बसूनच बदलतं. इलिनॉय विद्यापीठातले जोसेफ स्टकी यांनी यावर आयुष्य घातलं, आणि प्रयोगशाळेत त्यांचं हत्यारही तेच, डायथायोनाइट. आतलं लोह द्विसंयुजी झालं की थरावरचा ऋण भार वाढतो, थर एकमेकांना घट्ट ओढतात, फुगणं कमी होतं आणि मधलं पालाश अडकून पडू शकतं. हवा लागली की बरंचसं परत येतं, म्हणून तुमचा ढीग पिवळा झाला.

मग पाणी साचलेल्या रानात ऊस हिरवागार का नाही, द्विसंयुजी लोह तर विरघळतं, असं विचाराल. चुनखडीच्या जमिनीत साचलेल्या पाण्याबरोबर बायकार्बोनेटही वाढतं, आणि मुळांना हवा नसली तर ती काम करत नाहीत. पाइप टाका, निचरा होऊ द्या. खताच्या दुकानात जाण्याआधी हे काम.

सँडलॅब_शिरोली

सर, खूप आभार. वडिलांना वाचून दाखवलं. पन्नास टनांचा आकडा ऐकून ते म्हणाले मग खत कशाला घ्यायचं. दुकानदार चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूनं धरून ठेवलेलं लोह) म्हणून ईडीटीए देतोय, ते जमिनीतून दिलं तर?

मसाईचा_जांभा

सामू ८.३ ला ईडीटीए लोह सोडून चुन्यातलं कॅल्शियम धरतं. फवारणीला चालेल, जमिनीतून पैसे वाया. जमिनीतून द्यायचंच तर ईडीडीएचए, आणि लेबलवर 'ऑर्थो-ऑर्थो' किती टक्के ते बघा. ते महाग आहे, त्यामुळं सगळ्या रानाला नको. केवडा पडलेले पट्टे तेवढे धरा.

उद्यमनगरकर

सर, मान गये. पण वाळू चिकटून बसती कास्टिंगला, ते पण बेंटोनाइटच्या लोहानंच का? आमच्याकडं सगळा दोष मातीवर.

मसाईचा_जांभा

थोडा हात असेल. पण हिशेब करा: वाळूत बेंटोनाइट आठ टक्के, त्यात ऑक्साइड बारा टक्के, म्हणजे वाळूत एक टक्काच. खरं कारण धातूच्या पृष्ठभागावर होणारं लोहाचं ऑक्साइड. ते सिलिकाशी मिळून फायालाइट बनतं आणि १२०५ अंशांना वितळतं, मग वाळूच्या फटीत झिरपतं. कोल डस्ट (कोळशाची पूड) टाकतो तो हवा खाऊन टाकायलाच. तुमची कोल डस्ट कमी पडतेय का ते आधी तपासा, नाहीतर ओतायचं तापमान.

उद्यमनगरकर

कोल डस्ट महिन्यापूर्वी कमी केलीय मालकानं. धूर लई होतोय म्हणून. सँडलॅब भावा, मफल तुझ्याकडं हाय का? आमच्या लॉटचं पण एक पाकीट आणून देतो.

सँडलॅब_शिरोली

आहे. शनिवारी दुपारनंतर ये, तेव्हा साहेब नसतात. नमुना निदान पन्नास ग्रॅम आण, आणि पाकिटावर लॉट नंबर लिही. मागच्या वेळी नुसतं 'माती' लिहिलं होतंस.