अनुभव धागा : परदेशात गरीब लेकरांच्या शाळेत शिकवायला गेला होता का?

आपल्या इकडची डीएड झालेली काही पोरं-पोरी विचारून राहिली की बाहेरच्या देशात गरीब मुलांच्या शाळेत काम करायचं आहे, जावं का, कुठं जावं, म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः केलं त्यांनी सविस्तर लिहा, चांगलं वाईट दोन्ही. मुलांचे फोटो मात्र टाकू नका. सुरुवात मी करतो.

मी दिग्रसकडचा. २०१५ च्या हिवाळ्यात नेपाळच्या दांग जिल्ह्यात गेलो होतो, थारू म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाच्या मुलींच्या वसतिगृहाला लागून शाळा होती तिथं. एप्रिलात भूकंप होऊन गेलेला आणि सप्टेंबरपासून भारताच्या सीमेवर नाकाबंदी, गॅस नाही, पेट्रोल नाही, वसतिगृहाचा सगळा स्वयंपाक ओल्या लाकडावर, फुंकून फुंकून स्वयंपाकाच्या दिदीचे डोळे लाल व्हायचे. आणि मी भारतातून आलेला. एका शब्दानं कोणी बोललं नाही, उलट पहिलं ताट मलाच वाढायचे, हे मी जन्मभर विसरणार नाही.

तिथल्या बऱ्याच मुली आधी कमलरी होत्या. म्हणजे गरीब थारू घरातली आठ-दहा वर्षांची पोरगी वर्षाच्या बोलीवर शहरात कोणाच्या घरी धुणीभांडी करायला द्यायची. आपल्याकडं पाडव्याला सालदार ठरते ना, तसंच तिथं माघीला, आपल्या संक्रांतीच्या टायमाला, हे ठरायचं. सरकारनं २०१३ मध्ये ही प्रथा बंद केली. म्हणून मग चौथीच्या वर्गात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बसलेली, गुडघे बाकाला लागतात, तरी बसणार पुढच्याच बाकावर. लिपी देवनागरीच आहे त्यामुळं पुस्तक वाचता येते, पण भाषा नाही ना येत, मी गणित हिंदीत सांगायचो आणि तिथल्या बाई ते थारूत समजावायच्या, खरं शिकवणं त्यांचंच होतं.

माघीची सुट्टी लागली, सगळ्या खुश, ढिकरी (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) खायला घरी जायचं म्हणून. एकीचे वडील न्यायला आले तर ती स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. याच सणाला तिला एकदा कमलरी म्हणून पाठवलं होतं. बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं, चहा दिला, मुलीला परत कधी आणून सोडणार ती तारीख कागदावर लिहून वडिलांचा अंगठा घेतला आणि कागद मुलीच्याच हातात दिला. मग गेली. त्या तारखेला आली बी. हे काम बाहेरून आलेल्या माणसाचं नाहीच, तिथल्या बाईंचं आहे, आपण जायचं तर अशा बाईंचा भार हलका करायला जायचं, एवढं माझं मत पक्कं झालं.

– – –

दादा, छान लिहिलं. मी हिंगणघाट तालुक्यातली, मिस्टरांची नोकरी नैरोबीला होती तेव्हा शनिवारी किबेरा झोपडपट्टीतल्या एका टिनाच्या शाळेत गणित घ्यायची. केनियात सरकारी प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे पण किबेरासारख्या वस्तीत सरकारी शाळा पुरत नाहीत, म्हणून लोकांनीच चालवलेल्या अशा शाळा, थोडीशी फी, त्यातून मास्तरांचा पगार. फी थकली की लेकरू घरी पाठवायचे, ते मला अजिबात पटायचं नाही, पण फी नाही आली तर मास्तरलाही पगार नाही, त्याचीही लेकरं होतीच की. दुपारी गिथेरी मिळायची, मका नि राजमा उकडून, काही पोरं अर्धा डबा झाकण लावून लहान भावासाठी ठेवायची, मी विचारलं नाही, दिसायचंच ते. आम्ही बायकांनी वह्या-दप्तरं वाटायचं बंद करून एका मास्तरणीच्या पगाराचे पैसे दर महिन्याला द्यायचे ठरवलं. आम्ही परत आलो तरी ती शिकवत होती, याचं फार समाधान आहे.

– – –

मी उलट्या बाजूनं लिहितो. धारणी तालुक्यात निवासी शाळेत शिक्षक आहे, आमच्याकडं परदेशातून लोकं येतात, बहुतेक हिवाळ्यात. लेकरं कोरकू आदिवासी, पहिलीत येतात तेव्हा मराठीच येत नाही, तर इंग्रजी गाणी शिकवून काय होणार? आठवडाभर खेळवतात, लेकरं जीव लावतात आणि पाहुणे गेले की लहान पोरं रात्री रडतात, ते आम्हाला निस्तरावं लागते. दिवाळीनंतर यांचे मायबाप कामाला बाहेरगावी गेलेले असतात हो, आधीच एकदा कोणीतरी सोडून गेलेलं असते.

पण एक जर्मन ताई बरेच महिने राहिली. स्वयंपाकघरात बसून कोरकू शिकली, मोठ्या मुलींना विचारून विचारून चित्रांची कार्डं केली, खाली कोरकू शब्द नि मराठी शब्द. होळीला शाळा रिकामी होते, तर ती पण मुलींसोबत त्यांच्या गावी गेली, फगवा मागत फिरली. ती कार्डं मी आजही पहिलीला वापरतो, कोपरे फाटले तर टेप लावली आहे. असं कोणी येत असेल तर आजच या.

– – –

पोरींनो, अनाथालय म्हटलं की आधी चौकशी करा. नेपाळ, कंबोडिया दोन्हीकडं मायबाप जिवंत असलेली लेकरं अनाथ म्हणून ठेवायचे प्रकार झालेत, पाहुणे नि देणगी यावी म्हणून. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावातही यावर बोललं गेलं. माझ्या भाचीकडं एका एजन्सीनं मोठी रक्कम मागितली, पण पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितलाच नाही. मी तिथंच नको म्हटलं. जी शाळा कोणालाही न तपासता लेकरांत सोडते तिथं आपली पोरगी कशाला पाठवायची, आणि त्या लेकरांचं काय?

– – –

ताई, एकदम बरोबर. नेपाळचं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगतो, नागपूरहून राप्तीसागर रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, सीमा पायी ओलांडायची, पुढं भैरहवाहून बस. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदान कार्ड सोबत ठेवा. मी गेलो तेव्हा शनिवारी शाळेला सुट्टी नि रविवारी शाळा असायची. गोंदिया, गडचिरोलीकडून कोणी गेलं असेल तर लिहा, वाट पाहतो.